बँकॉकमध्ये एक दिवस, दोघी मैत्रिणी, माणशी हजार बाट

प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीच्या दोन मैत्रिणी. एक मासे-मटण सगळं खाणारी, दुसरी अंडंही न खाणारी. थायलंडच्या सहलीत बँकॉक शहरासाठी एकच पूर्ण दिवस हातात आहे. खरेदी नको, टूरवाला नको. माणशी तीन हजार रुपयांत शहरातलं "सगळं मुख्य" बघून होईल का?

सगळं होणार नाही. पण चांगला दिवस नक्की होईल, आणि तो घरी बसूनच ठरतो.

हिशोबाला १ बाट म्हणजे ३ रुपये धरा. दर थोडा खालीच असतो, पण पैसे बदलताना जे झिजतं ते धरून तीनचा आकडा सोयीचा. म्हणजे माणशी हजार बाट. आता तिकिटं बघा: ग्रँड पॅलेस ५०० बाट, वाट फो ३००, वाट अरुण २००. (थाई भाषेत वाट म्हणजे देऊळ, रस्ता नव्हे.) बेरीज बरोबर हजार. तीन फाटकांतच पाकीट रिकामं, आणि अजून पाण्याची बाटलीही घेतलेली नाही. त्या मानाने फिरणं किरकोळ आहे, दिवसभराचं दीड-पावणेदोनशे बाट. साधं जेवण एका वेळेला ६० ते १२० बाट. तेव्हा पैसे वाचवायचे ते तिकिटांत. शंभर रुपयांची बस सोडून पायी चालण्यात काही वाचत नाही, फक्त घामाच्या धारा लागतात.

माझं मत स्पष्ट सांगतो: या बजेटमध्ये वाट फो आतून बघा, वाट अरुण पलीकडच्या काठावरून बघा, आणि पॅलेस सोडा. पॅलेस वाईट नाही. हिरव्या दगडातली ६६ सेंटिमीटरची बुद्धमूर्ती आणि तिच्यासाठी दर ऋतूला बदलली जाणारी सोन्याची वस्त्रं हे प्रकरण खरंच देखणं आहे. पण ५०० बाट वसूल व्हायचे तर सकाळी साडेआठला फाटक उघडताना तिथे असावं लागतं आणि तीन तास द्यावे लागतात. दहानंतर गर्दीत पुढच्याची पाठच दिसते. दोघींपैकी एकीने पॅलेसचा हट्ट धरला तर वाट फो आणि पुढे येणारी गोल्डन माउंटची टेकडी दोन्ही गाळा, म्हणजे हिशोब जवळपास तिथेच राहतो.

आता कपडे, कारण इथेच लोक पैसे घालवतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बिनबाह्यांचा टॉप आणि वर ओढणी पॅलेसच्या फाटकावर चालत नाही, घट्ट लेगिंग्जवरही अडवतात. मग बाहेर विकायला ठेवलेली हत्तीछाप पँट घ्यावी लागते. आपला सुती सलवार-कुर्ता या सगळ्यात पास होतो आणि हवेशीरही असतो. पायात बंद-पट्ट्यांची भानगड नको; दिवसातून पाच-सहा वेळा चपला काढायच्या आहेत. पातळ मोजे पिशवीत ठेवा, तापलेल्या फरशीवर उपयोगी पडतात.

पैशांचं एक काम आदल्या दिवशीच करा. सुवर्णभूमी विमानतळावर वरच्या मजल्यावरच्या काउंटरांपेक्षा तळघरात, रेल्वे स्टेशनाच्या बाजूला असलेल्या मनी चेंजरांकडे दर चांगला मिळतो. रुपये नेऊन तिथे बदलू नका, दर फार पडतो. शंभर डॉलरची कोरी, न दुमडलेली नोट न्या. एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट किंवा जास्त आकारतं. हजार बाट काढले तर पाचवा हिस्सा फीतच गेला. आणि मशीनने "तुमच्या चलनात हिशोब करू का" असं विचारलं तर नाही म्हणा, तो दर नेहमी मशीनच्या फायद्याचा असतो. निघण्याआधी थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं आहे. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे, पोहोचायच्या आधी तीन दिवसांच्या आत भरायचं आणि पूर्ण फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी वेबसाइट दिसली की ती सरकारी नाही एवढं समजा.

दोघींनी सकाळी एका छोट्या पाकिटात तीनशे-तीनशे बाट टाकून ते एकीकडे द्या. पाणी, शहाळं, होडी, संडासाचे पाच बाट, सगळं त्यातून. देवळाची तिकिटं ज्याची त्याने. दर वीस बाटांना "मी दिले, तू दे" करत बसलं की संध्याकाळपर्यंत तोंडं फिरतात. हजाराची नोट असेल तर सकाळीच सेव्हन-इलेव्हनमध्ये मोडा. जेटीवर आणि गाडीवर तिची मोड मिळत नाही.

दिवस पावणेसातला सुरू करा. मेट्रोची निळी लाइन पकडून सनाम चाय स्टेशन. या लाइनच्या गेटवर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप होणारं कार्ड थेट चालतं, मात्र प्रत्येकीचं वेगळं कार्ड लागतं, आणि परदेशातला टॅप व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये आधी चालू करून ठेवावा लागतो. नाहीतर मशीनमधून काळं प्लॅस्टिकचं नाणं घ्या: आत जाताना गेटवर टेकवायचं, बाहेर पडताना फटीत टाकायचं. ते हरवलं तर दंड. हे नाणं वरून धावणाऱ्या बीटीएस रेल्वेला चालत नाही, तिचं तिकीट वेगळं.

सनाम चायवरून पाच-सात मिनिटांवर पाक ख्लोंग तलात, फुलांचा बाजार. तिकीट नाही, चोवीस तास चालू. दादरच्या फुलबाजारात पहाटे गेलेल्याला ओळखीचंच वाटेल, पण हार बघा: मोगऱ्याच्या मिटल्या कळ्या इतक्या घट्ट आणि सारख्या ओवलेल्या की दुरून पांढरी दोरी वाटावी, मध्ये गुलाबाच्या पाकळ्यांची एक तांबडी पट्टी, खाली लोंबता गोंडा. कमळाच्या कळ्यांच्या बाहेरच्या पाकळ्या एकेक करून आत दुमडतात. ते करणाऱ्या बाईजवळ दोन मिनिटं उभ्या राहा, मग घरी गौरीच्या वेळी करून बघता येईल. नाश्ता इथेच करा, भाताची पेज किंवा सोया दूध, ३० ते ५० बाट. आठ वाजता लाउडस्पीकरवर राष्ट्रगीत लागतं आणि आसपासची माणसं जागच्या जागी थांबतात. तुम्हीही थांबा.

तिथून वाट फो. आठला उघडतं. झोपलेल्या बुद्धाची मूर्ती ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे, आणि दालन तिच्याभोवती इतकं घट्ट आहे की ती एका नजरेत कुठूनच मावत नाही. तुम्ही डोक्याच्या बाजूने आत जाता. बरेच जण चेहऱ्याचा फोटो काढून पुढे सरकतात आणि खरी कारागिरी टाळून बाहेर पडतात. ती तळपायांवर आहे: काळ्या पार्श्वभूमीवर शिंपल्याच्या चकचकीत आतल्या थराची जडणघडण, १०८ शुभचिन्हं. हत्ती, कमळ, शंख ओळखता येतात. जरा तिरकं उभं राहा, तरच शिंपल्यातला हिरवा-गुलाबी रंग खेळताना दिसतो. समोरून तो नुसता पांढरा वाटतो. परतीच्या बाजूला १०८ धातूची भांडी ओळीने आहेत. २० बाट दिले की चिल्लर मिळते, एकेका भांड्यात एकेक नाणं टाकत जायचं. त्या टणटण आवाजाने सगळं दालन भरलेलं असतं. बाहेरच्या आवारात राजांचे चार मोठे चेदी, म्हणजे स्तूप, आहेत आणि फाटकांशी दगडी चिनी राक्षस उभे आहेत. हे राक्षस चीनहून परत येणाऱ्या जहाजांत वजनासाठी भरून आणलेले. बंदरावर वाढलेल्या माणसाला वेगळं समजवायला नको, रिकामं गलबत वजनाशिवाय समुद्रात टिकत नाही. तिकिटावर पाण्याची एक बाटली मिळते, ती मागून घ्या. बुद्धाकडे पाय करून बसू नका, आणि भिक्खूंना बायकांनी हात लावायचा नसतो, होडीत शेजारी जागा असली तरी बसू नका.

साडेनऊला बाहेर पडलात की सावध. वाट फोपासून पॅलेसच्या भिंतीपर्यंतचा रस्ता हे शहरातल्या सगळ्यात जुन्या फसवणुकीचं ठिकाण. नीटनेटका, गोड बोलणारा माणूस भेटेल: "पॅलेस आज बंद आहे, बुद्धाचा सण आहे, एकला उघडेल. तोवर माझा ओळखीचा टुकटुकवाला वीस बाटांत तीन देवळं दाखवील." टुकटुक देवळात कमी आणि रत्नांच्या, शिंप्याच्या दुकानांत जास्त थांबते. चालकाला दुकानाकडून पेट्रोलचं कूपन मिळतं म्हणून वीस बाट परवडतात. उपाय सोपा: न थांबता मान हलवून चालत राहा. काय बंद आहे, काय उघडं आहे हे फक्त तिकीटखिडकीला विचारायचं. थांबून वाद घालायचा नाही.

आता नदी. वाट फोच्या मागे था तियन (था म्हणजे धक्का). समोर चाओ फ्रायाच्या पलीकडे वाट अरुण. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो, म्हणून त्याच्या शिखरावरच्या चिनी मातीच्या तुकड्यांची नक्षी उजळून निघते. फोटो याच वेळी. संध्याकाळी सूर्य त्याच्या मागे जातो आणि नुसती काळी आकृती उरते, तीही सुंदर. दोन्ही फुकट. पलीकडे जाणारी होडी ५ बाटांची आहे, पण आत शिरायचं नसेल तर आता जायची गरज नाही.

रत्नागिरीकरांसाठी इथे एक धागा आहे. या नदीवर, वरच्या अंगाला अयुथ्या ही सयामची, म्हणजे जुन्या थायलंडची, राजधानी होती. १७६७ मध्ये ब्रह्मदेशच्या कोनबाउंग घराण्याच्या फौजेने ती जाळली. राज्य खाली सरकलं, आधी वाट अरुणच्या काठावर थोनबुरीला, मग १७८२ मध्ये अलीकडे, म्हणजे आजच्या बँकॉकला. त्याच कोनबाउंग घराण्याचा शेवटचा राजा तो आपला थिबा, ज्याचा १९१० सालचा राजवाडा तुमच्या गावात उभा आहे. त्याच्या पूर्वजांनी अयुथ्या पाडली नसती तर तुम्ही आज या धक्क्यावर उभ्या नसता.

दहाच्या सुमारास सनाम चायवरून एक स्टेशन, साम योत. तिथून उत्तरेला दहा मिनिटं चालून लाल रंगाचा उंच लाकडी झोपाळ्याचा सांगाडा, साओ चिंग चा. १७८४ मध्ये उभारला, झोके घ्यायचा विधी १९३५ मध्ये बंद झाला. हा विधी दरबारच्या ब्राह्मणांचा होता आणि त्यांचं देऊळ अजून शेजारीच आहे. पाच मिनिटं पुरतात. मग पूर्वेला बामरुंग मुआंग रस्ता पकडा. दोन्ही बाजूंना बुद्धमूर्तींची दुकानं, फुटपाथवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले माणसाएवढे सोनेरी बुद्ध, आणि भिक्खूंना द्यायच्या केशरी बादल्या. बादलीत साबण, टूथपेस्ट, चहा, टॉर्च, सगळं बांधून तयार. आपल्याकडे पूजेचं सामान बांधून मिळतं तसंच.

रस्त्याच्या टोकाला टेकडीवरचं वाट साकेत, गोल्डन माउंट. तिकीट १०० बाट, साधारण ३४४ पायऱ्या. पायऱ्या बुटक्या आणि गोल फिरत जाणाऱ्या, बऱ्याच ठिकाणी झाडांची सावली. गणपतीपुळ्याच्या प्रदक्षिणेइतका वेळ लागेल, दम थोडा जास्त. वरून जुनं शहर चारी बाजूंनी दिसतं. ५०० बाटांच्या पॅलेसची सोनेरी छपरंही इथून दिसतात. साडेबाराच्या आत खाली या, त्यानंतरचा उकाडा कोकणातल्या मे महिन्यासारखाच, पण वाऱ्याशिवाय आणि सिमेंटवरून परत येणारा.

टेकडीच्या पायथ्याजवळच कालव्यातल्या होडीचा शेवटचा धक्का आहे, फान फा लीलार्ड. सेन सेप कालव्यातली ही होडी म्हणजे शहराची खरी लोकल. भाडं अंतराप्रमाणे, तुमच्या टप्प्याला पंधरा-वीस बाट. इथूनच सुटते म्हणून जागा मिळते. कडेला बसलात तर दोरी तुमच्या हाती येईल: समोरून दुसरी होडी आली की ती ओढून प्लॅस्टिकचा पडदा वर करायचा, नाहीतर कालव्याचं पाणी अंगावर. पाणी घाण आहे, तोंड मिटून ठेवा. हेल्मेट घातलेला कंडक्टर होडीच्या बाहेरच्या काठावरून, दोरी धरून चालत पैसे गोळा करतो, आणि पूल आला की छप्परच खाली बसतं. धोपाव्याला जाणाऱ्या दाभोळच्या फेरीबोटीत जो निवांतपणा असतो तो इथे नाही; होडी धक्क्याला टेकते न टेकते तोच निघते. पाय टाकताना मोबाइल हातात नको. सापान हुआ चांगला उतरा, म्हणजे "हत्तीच्या डोक्याचा पूल", कठड्यावर खरोखर हत्तीची डोकी आहेत. ते चुकलं तर पुढचा थांबा प्रातुनाम, तिथून उलट चालत यावं लागेल.

दुपारचे तीन तास थंडाव्यात काढायचे. पुलापासून पाच मिनिटांवर बँकॉक आर्ट अँड कल्चर सेंटर, प्रवेश फुकट, सोमवारी बंद. शेजारी एमबीके मॉल, तिथल्या फूड कोर्टमध्ये जेवा. काही फूड कोर्टांत आधी कार्डात पैसे भरायचे असतात. उरलेले त्याच दिवशी परत मागा, लोक तिथेच विसरतात.

न खाणाऱ्या मैत्रिणीसाठी एकच शब्द पाठ करा: "जे". पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, इंग्रजीतल्या सतरा आकड्यासारखं दिसतं. जे म्हणजे मांस, मासे, अंडं, दूध काही नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. दुसरा शब्द "मांगसाविरत", हा आपला मांसविरती. पण त्यात अंडं असू शकतं, म्हणून तुमच्या कामाचा जे. नुसतं "नो मीट" म्हटलं तर मांस काढतात, माशाचा सॉस तसाच राहतो. त्यांच्या लेखी ते मीठ आहे. कच्च्या पपईची कोशिंबीर निरुपद्रवी दिसते, पण त्यात हाच सॉस आणि सुकी कोळंबी असते. करीच्या वाटणात कपी असतो, म्हणजे आंबवलेला जवळा. खाणारीला तो वास घरचा वाटेल, दुसरीला लांबूनच कळेल. अगदीच अडलं तर साम योतजवळ फाहुरातचा मोठा गुरुद्वारा आहे. सकाळच्या वेळेत लंगर असतो, डोकं झाकून जा, यथाशक्ती दानपेटीत टाका. तसं झालं तर झोपाळ्याआधी तिकडे वळा. आंबा-चिकटभात शंभर बाटांच्या आसपास, एक घेऊन दोघींत खा. नाम दोक माय आंबा गोड, रेषा नसलेला. हापूसशी तुलना करायचा मोह आवरा.

चारला नॅशनल स्टेडियम स्टेशनवरून बीटीएस, गाडी न बदलता सापान ताक्सिन, साधारण ४० बाट. खाली उतरलं की साथोर्न धक्का. इथे पहिला काउंटर निळ्या झेंड्याच्या पर्यटक बोटीचा. तो इंग्रजीत मोठ्याने हाका मारतो आणि बरेच जास्त घेतो. तुम्हाला केशरी झेंडा हवा, १६ बाट, कुठेही उतरा. बोटीच्या टोकावरचा झेंडा बघूनच चढा. आत तिकीटवाली बाई पत्र्याची लांब नळी खडखडवत येते. त्यातच चिल्लर, त्यातच तिकिटाचं भेंडोळं. ही नदी भरती-ओहोटीची आहे, धक्के तरंगते, आणि बोट मागून शिटी वाजली की निघते. दोघी एकाच दाराने चढा-उतरा. साडेपाचच्या आत बोट पकडा, उशिरा फेऱ्या विरळ होतात.

था तियनला उतरा. बोट अरुणच्या काठाला लागली तर ५ बाटांची होडी घेऊन अलीकडे या. सूर्यास्त ऋतूप्रमाणे पावणेसहा ते पावणेसातच्या दरम्यान. छतावरच्या कॅफेत बसायची गरज नाही, धक्क्यावरून तेच दिसतं. मग सनाम चायवरून दोन स्टेशनं, वाट मांगकोन, आणि याओवारात या चायनाटाउनच्या रस्त्यावर जेवण. सोमवार असेल तर खाण्याच्या बऱ्याच गाड्या बंद असतात. सोमवारी आर्ट सेंटरही बंद, म्हणजे हा दिवस सोमवारी ठेवूच नका.

खर्च जोडून देतो, माणशी: वाट फो ३००, टेकडी १००, मेट्रो तीन-चार वेळा मिळून १००, बीटीएस ४०, होड्या ३६, नाश्ता ५०, दुपार ९०, रात्र १२०, पाणी-शहाळं-संडास ८०. झाले ९१६. उरलेल्या चौऱ्याऐंशी बाटांना हात लावू नका. पाय दुखायला लागले की दोघींत मिळून टॅक्सीला तेच लागतात, मीटर ३५ बाटांवर सुरू होतं. दोघी असताना मेट्रोची दोन तिकिटं आणि जवळच्या अंतराची टॅक्सी जवळपास सारखीच पडते. फक्त चार ते सातमध्ये घेऊ नका, गाडी जागची हलत नाही आणि मीटर हलत राहतं.

जून ते ऑक्टोबर जात असाल तर पाऊस बहुधा दुपारनंतर कोसळतो. ढग दाटले तर आर्ट सेंटरमध्येच मुक्काम वाढवा, नदीचा फेरा गाळा आणि नॅशनल स्टेडियमवरून रेल्वेनेच परत जा. छत्रीपेक्षा पातळ रेनकोट बरा, होडीत छत्री उघडता येत नाही.